नवरा गेल्यावर निराधार आणि बालसंगोपनाचा अर्ज: आधी मृत्यू दाखल्यावरचं नाव बघा

महाराष्ट्रात पदरी लहान मुलं असलेल्या विधवेने तीन अर्ज करावेत. पहिला संजय गांधी निराधार योजनेचा: महिना १५०० रुपये, वय ६५ च्या आत, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० पर्यंत. दुसरा राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचा: दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कर्ता माणूस १८ ते ५९ वयात गेला असेल तर एकदाच २०,००० रुपये. हे दोन्ही तहसीलला. तिसरा बालसंगोपनाचा, जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात: दर मुलामागे महिना २२५० रुपये, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत. "आई आहे ना, मग मुलं अनाथ कुठे?" असं कुणी म्हटलं तर परत फिरू नका. एक पालक गेलेल्या मुलांसाठीही ही योजना आहे.

रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, पासबुक हे तुम्ही जमवालच. घोडं अडतं ते नावापाशी.

माझ्या वहिनीचा अर्ज तीनदा परत आला. भावाच्या आधारवर 'बाळासाहेब', मृत्यू दाखल्यावर 'बाळू'. दवाखान्यात भरती करताना घाईत आम्हीच तसं सांगितलं होतं. "प्रतिज्ञापत्र जोडा, चालतं," असं एजंटाने सांगितलं. नाही चाललं. पैसे गेले आणि पाच महिने गेले. तेव्हापासून मी प्रत्येकीला सांगते, प्रतिज्ञापत्राच्या नादी लागू नका, दाखलाच दुरुस्त करून घ्या.

तो दुरुस्त करायचा कुठे, इथेच बहुतेक जण चुकतात. मृत्यूची नोंद राहत्या गावात होतेच असं नाही, माणूस जिथे वारला तिथे होते. शहरातल्या दवाखान्यात गेला असेल तर त्या महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात जा. गावच्या ग्रामसेवकाच्या हातात ते नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली दुरुस्तीचा अर्ज करा, सोबत आधार, शाळा सोडल्याचा दाखला आणि दवाखान्याचं पत्र. नवा दाखला हातात पडला की प्रत्येक अक्षर, काना-मात्रा आधारशी लावून तिथेच वाचा. बाईच्या आधारवर माहेरचं नाव असेल तर तेही याच वेळी बदला.

मग अर्ज द्या. शिक्का आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

बालसंगोपनासाठी घरी चौकशीला येतात, नंतर बाल कल्याण समितीपुढे बोलावतात. त्या दिवशी शाळा बुडाली तरी चालेल, मुलांना सोबत न्या.