चष्म्यातला कॅमेरा: ओळखावा कसा, हटकावे कसे आणि तक्रार कुठे करावी

मोबाइलने कोणी आपले चित्रीकरण करू लागले, तर त्याचा हात वर गेलेला दिसतो आणि आपण तोंड फिरवतो किंवा त्याला हटकतो. कॅमेरा चष्म्यात बसवला की ही खूण उरत नाही. समोरचा माणूस नुसता पाहतो आहे की आपल्याला टिपतो आहे, हे त्याच्या हालचालींवरून सांगणे अवघड होते. रे-बॅन आणि फेसबुकची मालक कंपनी मेटा यांचा असा चष्मा मे २०२५ पासून भारतात उघडपणे विकला जातो (तेव्हा त्याची किंमत २९,९०० रुपयांपासून होती), आणि त्याहून कितीतरी स्वस्त, नावगाव नसलेले कॅमेऱ्याचे चष्मे, पेन आणि घड्याळे ऑनलाइन बाजारात त्याआधीपासून मिळत आहेत. सरसकट बंदी हा यावरचा उपाय आहे असे मला वाटत नाही, कारण दृष्टिहीन माणसाला हाच चष्मा समोरची पाटी वाचून दाखवतो. मात्र ज्याच्या डोळ्यांवर कॅमेरा आहे त्याने विचारले नाही, तर ज्याचे चित्रीकरण होत आहे त्याने विचारायला शिकले पाहिजे, आणि त्यासाठी आधी हे यंत्र ओळखता आले पाहिजे.

फ्रेम समोरून पाहावी. रे-बॅन मेटासारख्या चष्म्यात फ्रेमच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांत, बिजागरीच्या पुढे, एकेक लहान गोल दिसतो. त्यांपैकी एक कॅमेऱ्याचे काळसर भिंग असते आणि दुसऱ्या बाजूला चित्रीकरण चालू असल्याचे सांगणारा पांढरा दिवा असतो. बॅटरी आणि आवाजाची यंत्रणा काड्यांमध्ये बसवलेली असल्यामुळे काड्या नेहमीच्या चष्म्यापेक्षा जाड असतात. उजव्या काडीच्या वरच्या कडेला एक बटण असते. ते एकदा दाबले की छायाचित्र निघते आणि दाबून धरले की व्हिडिओ सुरू होतो. गाणे बदलताना किंवा आवाज कमी-जास्त करताना बोट काडीच्या बाहेरच्या बाजूवरून फिरते, चित्रीकरणासाठी मात्र ते वरच्या कडेवर टेकते, आणि हा फरक एकदा लक्षात आला की विनाकारण संशय घेण्याचे प्रसंग कमी होतात. तरीही बोट हलले नाही म्हणजे चित्रीकरण झाले नाही, असे समजू नये, कारण नुसत्या तोंडी आज्ञेनेही छायाचित्र काढता येते.

दिव्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण बहुतेक लोक त्याच्यावरच विसंबून असतात. छायाचित्र काढताना तो एकदा चमकतो आणि व्हिडिओ चालू असेपर्यंत लुकलुकत राहतो. २०२१ मध्ये या चष्म्याची पहिली आवृत्ती आली, तेव्हा तिचा दिवा इतका लहान होता की आयर्लंड आणि इटलीच्या माहिती-संरक्षण यंत्रणांनी तो समोरच्याला दिसतो तरी का, असा प्रश्न कंपनीला विचारला. २०२३ च्या आवृत्तीत दिवा मोठा झाला आणि त्यावर चिकटपट्टी लावली तर चष्मा चित्रीकरणास नकार देईल, अशी योजना करण्यात आली. परंतु ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेत पैसे घेऊन हा दिवा निकामी करून देणाऱ्याची बातमी प्रसिद्ध झाली, आणि स्वस्त, निनावी यंत्रांत तर दिवा असेलच याची काहीच शाश्वती नाही. भर उन्हात तर चांगला दिवाही सहज नजरेत येत नाही. असे असले तरी दिव्याकडे लक्ष ठेवणे व्यर्थ नाही: जानेवारी २०२५ मध्ये अयोध्येच्या राममंदिरात कॅमेऱ्याचा चष्मा घालून तपासणीच्या अनेक टप्प्यांतून आत गेलेला एक भाविक चष्म्यातून चमकलेल्या प्रकाशामुळेच सुरक्षा कर्मचाऱ्याच्या लक्षात आला. थोडक्यात, दिवा लागलेला दिसला तर चित्रीकरण चालू आहे असे खुशाल धरावे. दिवा दिसला नाही यावरून मात्र कोणताही निष्कर्ष काढू नये.

फोनवर ब्लूटूथ तपासणारी अ‍ॅप मिळतात आणि काही वेळा ती आसपासच्या उपकरणाच्या उत्पादकाचे नावही दाखवतात. चार-पाच माणसांच्या बैठकीत त्यांचा थोडा उपयोग होतो, पण लोकलच्या डब्यात किंवा मॉलमध्ये त्या यादीला अर्थ उरत नाही, आणि केवळ आतल्या कार्डावर चित्रीकरण साठवणारे पेन किंवा बटणातला कॅमेरा अशा यादीत येतच नाही. भिंग चमकते का हे टॉर्च फिरवून पाहण्याची युक्ती ट्रायल रूम किंवा लॉजच्या खोलीतल्या स्थिर वस्तूंसाठी ठीक आहे. हिंडत्या-फिरत्या माणसाच्या अंगावरच्या यंत्रासाठी ती वापरता येत नाही.

म्हणून सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे वेळेवर आणि स्पष्ट बोलणे. अनेकांना, विशेषतः स्त्रियांना, हे बोलणे जड जाते, कारण "तुम्ही उगाच संशय घेता" असे उलट उत्तर येईल अशी धास्ती असते. आरोप न करता विचारले तर ती धास्ती बरीच कमी होते. "दादा, तुमच्या चष्म्यात कॅमेरा आहे का? असेल तर आपले बोलणे होईपर्यंत तो काढून केसमध्ये ठेवा, मला माझे चित्रीकरण नको आहे," एवढे पुरेसे असते. केसमध्ये ठेवा हे मुद्दाम म्हणावे, कारण डोक्यावर सरकवलेला किंवा टेबलावर ठेवलेला चष्माही आपल्याकडेच रोखलेला असू शकतो. समोरच्याचा चष्मा नंबरचा असेल तर तो काढून ठेवायला सांगणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरेल. अशा वेळी चष्मा बंद करायला सांगावे, त्यासाठी रे-बॅन मेटाच्या डाव्या काडीच्या आतल्या बाजूला वेगळी कळ असते. कोणत्याही परिस्थितीत दुसऱ्याच्या डोळ्यांवरचा चष्मा ओढू नये किंवा झटापट करू नये. त्यातून आपल्यावरच तक्रार होऊ शकते आणि मूळ विषय बाजूला पडतो.

घरात काम करणाऱ्या ताई, शिकवणीचे शिक्षक, दुरुस्तीला येणारे कारागीर आणि त्यांना बोलावणारे आपण, अशा दोन्ही बाजूंनी हा नियम सारखाच लागू होतो. मालकाने कॅमेऱ्याचा चष्मा घालून स्वयंपाकघरात वावरणे हेदेखील त्या ताईंच्या खासगीपणावरचे आक्रमण आहे, आणि त्यांना विचारण्याची सोय नसते म्हणून मालकानेच आपणहून तो काढला पाहिजे.

जागेचा नियम आधीच ठरलेला असेल तर व्यक्तीला विचारण्याचे ओझे राहत नाही. दवाखाना, कपडे बदलण्याची खोली, सार्वजनिक स्वच्छतागृह, शाळा आणि प्रार्थनास्थळ अशा ठिकाणी चष्मा बंद ठेवावा, असे मेटा स्वतःच आपल्या ग्राहकांना सांगते. त्यामुळे असा नियम मागणारा माणूस काही अवाजवी मागत नाही. व्यायामशाळा, ब्युटी पार्लर, पोहण्याचा तलाव, मुलींचे वसतिगृह आणि पाळणाघर यांच्या व्यवस्थापकांना लेखी विचारावे की अंगावरच्या कॅमेऱ्यांबाबत तुमचा नियम काय आहे. "मोबाइल वापरण्यास मनाई" अशी जुनी पाटी असेल तर ती अपुरी आहे. "कॅमेरा असलेले चष्मे, घड्याळे व इतर उपकरणे बंद करून बॅगेत ठेवावीत" असे शब्द तिच्यात आले पाहिजेत. गृहनिर्माण संस्थेत हा विषय सर्वसाधारण सभेत मांडून तलाव आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपुरता ठराव करून घेता येतो. डॉक्टरांच्या खोलीत तपासणीपूर्वी रुग्णाने विचारले तर त्यात संकोचाचे काहीच कारण नाही. तिथे उपस्थित असलेल्या प्रत्येकाने, अगदी नातेवाइकांनीही, चष्मा बाजूला ठेवायला हवा.

खासगीपणा म्हणजे केवळ शरीराचा नव्हे, हे इथे विसरू नये. एटीएमवर मागे उभा असलेला, किराणा दुकानात शेजारी रांगेत असलेला किंवा बसमध्ये बाजूला बसलेला चष्माधारी आपला पिन, ओटीपी आणि फोनवरच्या गप्पांचा पडदा वाचता येईल इतक्या स्पष्टपणे टिपू शकतो. पिन टाकताना एक तळहात कीपॅडवर छत्रीसारखा धरावा, यूपीआयचा पिन टाकताना फोन छातीजवळ आणावा, आणि आधार किंवा पॅन कार्डाची प्रत काउंटरवर उघडी ठेवून बोलत उभे राहू नये. फोनच्या पडद्यावर लावायची, बाजूने पाहिल्यास काळी दिसणारी काच अशा ठिकाणी खरोखर उपयोगी पडते.

चेहऱ्यावरून ओळख पटवण्याचा धोका मात्र निराळा आहे. २०२४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी याच चष्म्यातून आलेले चित्रण चेहरा-शोधाच्या संकेतस्थळाला जोडले आणि रस्त्यावरच्या अनोळखी माणसांची नावे व इतर माहिती काही क्षणांत मिळवून दाखवली. लोकांना सावध करणे हा त्यांचा हेतू होता आणि त्यांनी ती यंत्रणा खुली केली नाही. त्यांनी वापरलेल्या पिमआयज या सेवेत आपला चेहरा शोधातून वगळण्याची विनंती करता येते, ती करावी. समाजमाध्यमांवरचे प्रोफाइल केवळ ओळखीच्यांपुरते ठेवावे, आणि शाळेच्या किंवा कार्यालयाच्या संकेतस्थळावर मुलांचा फोटो पूर्ण नावासह असेल तर नाव काढायला सांगावे.

आक्षेपार्ह चित्रीकरण झालेच, तर कायदा कुठपर्यंत साथ देतो हे आधी माहीत असावे. रस्त्यावरून चाललेल्या माणसाचे साधे चित्रण केवळ न विचारता झाले म्हणून गुन्हा ठरतोच असे नाही. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार, जिथे आपल्याला कोणी पाहणार नाही असे स्त्रीने गृहीत धरलेले असते अशा खासगी प्रसंगी तिला पाहणे, टिपणे किंवा ते दृश्य पसरवणे हा गुन्हा आहे आणि पहिल्या दोषसिद्धीलाच किमान १ व कमाल ३ वर्षे कैद आणि दंड आहे. टिपण्यास संमती होती पण पसरवण्यास नव्हती, तरी पसरवणारा दोषी ठरतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ई स्त्री-पुरुष असा भेद न करता शरीराच्या खासगी भागाच्या चित्रणाला लागू होते. त्यात ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. स्त्रीचा सतत पाठलाग करणाऱ्या पुरुषाविरुद्ध न्याय संहितेचे कलम ७८ आहे.

अशा प्रसंगी "आत्ताच्या आत्ता डिलीट कर" असे म्हणण्याची ऊर्मी येते, पण गंभीर प्रकारात ती आवरावी. चष्म्यातले चित्रण अ‍ॅपद्वारे फोनमध्ये आणि तिथून क्लाउडवर गेलेले असू शकते. त्यामुळे आपल्यासमोर पुसलेली प्रत ही शेवटची प्रत असतेच असे नाही, आणि पुरावा मात्र आपल्याच सांगण्यावरून नष्ट होतो. त्याऐवजी ११२ वर फोन करावा, आसपासच्यांना साक्षीला थांबवावे, वेळ, जागा आणि चष्म्याचे वर्णन लिहून ठेवावे, आणि त्या जागेच्या व्यवस्थापनाला सीसीटीव्हीचे चित्रण जपून ठेवण्याची लेखी विनंती त्याच दिवशी द्यावी, कारण बहुतेक ठिकाणी जुने चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते. घटना कोणत्याही हद्दीत घडली असली तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, आणि कलम ७७ च्या तक्रारीत स्त्रीची माहिती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते.

चित्रण इंटरनेटवर आले असेल तर पानाचा पूर्ण पत्ता, तारीख आणि खात्याचे नाव दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा, मात्र तो व्हिडिओ पुरावा म्हणूनही नातेवाइकांच्या गटात टाकू नये. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांविषयीची तक्रार नाव न देताही करता येते. त्याच वेळी संबंधित समाजमाध्यमाच्या तक्रार अधिकाऱ्याकडेही लिहावे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०२१ च्या मूळ नियमांनी समाजमाध्यमांना अशी दृश्ये हटवण्यासाठी २४ तासांची मुदत घालून दिली. नग्न किंवा खासगी दृश्य पसरण्याची भीती असेल, तर प्रौढ व्यक्तीने स्टॉप एनसीआयआय या संकेतस्थळाचा उपयोग करावा: तिथे मूळ चित्र कुठेही पाठवले जात नाही, आपल्याच फोनवर त्याची सांकेतिक खूण तयार होते आणि तेवढीच सहभागी कंपन्यांना दिली जाते, जेणेकरून तेच चित्र पुन्हा कोणी टाकू लागले तर ते अडवता येईल. पीडित १८ वर्षांखालील असेल तर याच पद्धतीची 'टेक इट डाउन' ही वेगळी सेवा आहे.