जुन्या ट्रकच्या इंजिनात गाळ दिसल्यावर: नवीन मेकॅनिकसाठी अनुभवाच्या नोंदी

जुन्या ट्रकचे ऑईल भरण्याचे झाकण उघडले आणि आत काळा, चिकट थर दिसला की नवीन मेकॅनिकचा हात बहुधा आधी फ्लशिंग ऑईलच्या डब्याकडे जातो. या कामात बरीच वर्षे काढल्यानंतर माझे मत असे झाले आहे की गाळ कशामुळे झाला हे समजण्यापूर्वी तो धुऊन काढणे म्हणजे पुरावा नष्ट करणे होय. मूळ कारण तसेच राहिले तर गाळ पुन्हा जमतो, आणि फ्लशिंगने सुटलेले तुकडे दरम्यान अशा जागी जाऊन बसतात की तेथून ते काढण्यासाठी इंजिन खोलावे लागते.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. डिझेल इंजिनातील ऑईल बदलल्यानंतर थोड्याच दिवसांत काळे होते. तो गाळ नव्हे. ज्वलनातून आलेली काजळी बारीक कणांच्या रूपात अधांतरी धरून ठेवणे हे ऑईलमधील रसायनांचे कामच आहे. ही धरून ठेवण्याची क्षमता संपली किंवा ऑईलमध्ये पाणी, कूलंट, डिझेल यांपैकी काही मिसळले, की कण एकमेकांना चिकटतात आणि गाळ बसू लागतो. त्यामुळे ऑईलचा रंग पाहून निर्णय देऊ नये; बोटांच्या चिमटीत घेऊन ते ओघळते की खरवडावे लागते, हे पाहावे.

गाळाचे रूपही बरेच काही सांगते. झाकणाच्या आतल्या बाजूला फिकट तपकिरी, सायीसारखा थर असेल तर पाण्याचा संशय घ्यावा; टॅपेट कव्हरखाली (हेडवरील व्हॉल्व्ह झाकणाऱ्या झाकणाखाली) काळी जेली असेल तर ऑईल फार काळ वापरले गेले आहे किंवा ब्रीदर (इंजिनातील वाफ आणि वायू बाहेर सोडणारा पाइप) तुंबला आहे; आणि टर्बोच्या ऑईल पाइपमध्ये कडक, कोरडी खपली असेल तर ती उष्णतेने जळलेल्या ऑईलची असते. जोरात चालवलेली गाडी थांबवताच इंजिन बंद करण्याची चालकाची सवय असेल, तर ही खपली लवकर धरते.

पाना हातात घेण्यापूर्वी चालकाशी बोलावे. ऑईल केव्हा बदलले एवढेच विचारून थांबू नये. गाडी रोज किती अंतर धावते, उभ्या-उभ्या इंजिन किती वेळ चालू असते, वरून किती ऑईल घालावे लागते, आणि इंजिन तापते म्हणून कोणी थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकला आहे का, हे सर्व विचारावे. शेवटचा प्रश्न मी कधीही वगळत नाही. एक लिटर डिझेल जळताना साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते आणि त्यातील थोडा भाग पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली उतरतोच. इंजिन पुरेसे गरम असेल तर ही वाफ ब्रीदरवाटे बाहेर पडते. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन हलक्या कामात गरम होतच नाही, वाफ आतच थंड होऊन पाणी बनते आणि ते काजळीत मिसळते. अशा गाडीत थर्मोस्टॅट परत बसवणे आणि ती मुळात का तापत होती हे शोधणे, हाच खरा इलाज असतो.

डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नये. ऑईल आपोआप वाढत नाही. त्यात काहीतरी मिसळत असते. डिझेलचा वास आला आणि ऑईल पातळ लागले तर गळणारा इंजेक्टर, फीड पंपाचा फाटलेला डायफ्राम किंवा इंजेक्शन पंपाचे सील तपासावे. पाण्याचा संशय असेल तर गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी इंजिन चालू न करता चेंबरचा (इंजिनाच्या तळाशी ऑईल साठते त्या भांड्याचा) ड्रेन प्लग अगदी थोडा सैल करावा. पाणी ऑईलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते, आणि मोकळे पाणी असेल तर ऑईलच्या आधी त्याचे थेंब येतात. पाणी ऑईलमध्ये विरून गेले असेल तर सुमारे 150 अंश सेल्सियसला तापवलेल्या धातूच्या पत्र्यावर ऑईलचा एक थेंब टाकावा. पाणी असल्यास तो तडतडतो. डोळ्यांवर चष्मा हवाच.

पाणी आढळले म्हणून लगेच हेड गॅस्केटला दोष देऊ नये. जड इंजिनांत ऑईल कूलर कूलंटच्या वाटेत बसवलेला असतो. इंजिन चालू असताना ऑईलचा दाब कूलंटपेक्षा जास्त असतो, म्हणून कूलर फुटला तर ऑईल रेडिएटरमध्ये तरंगताना दिसते. इंजिन बंद केल्यावर मात्र ऑईलचा दाब शून्यावर येतो, गरम कूलंटचा दाब काही वेळ टिकतो आणि प्रवाह उलटा होतो. वेट लायनरच्या, म्हणजे सिलिंडरची नळी बाहेरून थेट कूलंटला लागून असलेल्या इंजिनात लायनरच्या खालच्या रबरी रिंगाही पाझरतात. त्यासाठी चेंबर उतरवून, कूलिंग सिस्टिमला हातपंपाने दाब देऊन, खाली कोरडा पुठ्ठा पसरून काही तास वाट पाहावी. कोणत्या सिलिंडरखाली डाग पडतो ते पुठ्ठाच सांगतो. कूलंटमधील ग्लायकॉल ऑईलचा घट्ट गाळ करते आणि बेअरिंगच्या अस्तरालाही खाते, म्हणून ही चाचणी उद्यावर ढकलू नये.

शाईशोष कागदावर ऑईलचा एक थेंब टाकून तो काही तास ठेवणे ही स्वस्त आणि उपयोगी चाचणी आहे. डाग मध्यापासून कडेपर्यंत एकसारखा करडा पसरला तर ऑईल अजून काजळी धरून आहे. मध्यभागी ठळक कडेचा काळा ठिपका आणि बाहेर नुसते स्वच्छ ऑईलचे कडे दिसले तर ते ऑईल थकले आहे.

सर्वांत जास्त चुका ऑईल प्रेशर वाचताना होतात, म्हणून येथे थोडे थांबतो. डॅशबोर्डवरील काट्यावर विसंबू नये. सेंडर (त्या काट्याला प्रेशरचा संकेत पाठवणारा भाग) काढून त्या जागी यांत्रिक गेज लावावे आणि इंजिन पूर्ण गरम झाल्यावरच वाचन घ्यावे. दर 1000 आरपीएमला साधारण 10 पीएसआय हा ढोबळ आडाखा प्रचलित आहे, परंतु त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधील आकडाच प्रमाण मानावा. बेअरिंग झिजलेल्या इंजिनात प्रेशर आयडलिंगला कमी असते आणि वेग वाढवला की वाढते. चेंबरमधील जाळी तुंबलेली असेल तर बहुधा उलट घडते: आयडलिंगला काटा ठीक असतो, वेग वाढवल्यावर थोडा वेळ चढतो, मग थरथरू लागतो आणि खाली येतो, कारण पंपाला हवे तेवढे ऑईल जाळीतून येतच नाही.

एका सहा सिलिंडरच्या इंजिनाची तक्रार नेमकी अशी होती. मोकळ्या रस्त्यावर काही मिनिटांनी प्रेशर पडायचे आणि गाडी थोडा वेळ उभी केली की पूर्ववत व्हायचे. बेअरिंग गेली असे गृहीत धरून इंजिन उतरवण्याची तयारी सुरू झाली होती. गेज लावल्यावर वर सांगितलेली थरथर स्पष्ट दिसली. चेंबर खाली घेतले तेव्हा जाळीवर काळ्या जेलीचा पडदा होता, आणि त्याला आधार होता पूर्वीच्या कोणत्या तरी कामात जास्तीचा लावलेल्या गॅस्केट सीलंटच्या तंतूंचा; कडक कार्बनचे तुकडे त्या तंतूंत अडकून बसले होते. इंजिन बंद केले की पडदा सैल होऊन खाली लोंबायचा आणि म्हणूनच पुन्हा सुरू केल्यावर प्रेशर चांगले दिसायचे. क्रँकशाफ्टच्या बेअरिंगची एक मेन कॅप उघडून बेअरिंग शेल पाहिले, ते वापरण्याजोगे होते. सीलंट बाहेर जेवढे पिळून येते तेवढेच आतही येते, हे गॅस्केट बसवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

जुना फिल्टर फेकून देऊ नये. तो फिल्टर कटरने कापावा; हॅकसॉने कापल्यास करवतीचा कीस आत पडतो आणि मग दिसणारी धातू इंजिनाची की करवतीची, हे कळत नाही. कागदाच्या घड्या उलगडून, पिळून, उजेडात पाहाव्यात. तांबूस किंवा चंदेरी चकाकी दिसली तर प्रश्न गाळापुरता राहिलेला नाही. फिल्टर पूर्ण तुंबला तरी त्याचा बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेले ऑईल पुढे जात राहते, त्यामुळे चांगले प्रेशर म्हणजे चांगला फिल्टर, असे समीकरण मांडू नये.

ब्रीदरची तपासणी दोन मिनिटांची आहे, तरी ती सर्रास राहून जाते. पाइप काढून त्यातून हवा मोकळी जाते का ते पाहावे. पाइप मोकळा असूनही झाकण उघडताच धुराचे जोरदार भपके येत असतील तर इंजिन बॅक कम्प्रेशन मारत आहे, म्हणजे ज्वलनाचा वायू झिजलेल्या रिंगांवरून खाली येत आहे, आणि रिंगा बदलेपर्यंत गाळ जमतच राहणार, हे मालकाला स्पष्ट सांगावे.

कारण सापडल्यावर सफाई हातानेच करावी. टॅपेट कव्हर आणि चेंबर उतरवून, हेडमधील ऑईल खाली उतरण्याची छिद्रे कापडाच्या बोळ्यांनी बंद करून, गाळ लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने वर ओढत काढावा, खाली ढकलू नये. मग बोळे काढून तीच छिद्रे मोकळी आहेत ना, ते पाहावे. ऑईलमध्ये डिझेल किंवा रॉकेल घालून इंजिन चालवण्याची जुनी पद्धत मी कोणालाही करू देत नाही; ऑईल इतके पातळ होते की बेअरिंगवरील थर टिकत नाही. त्याऐवजी मॅन्युअलमधील दर्जाचे साधे चांगले ऑईल भरावे, पहिले काही बदल नेहमीच्या निम्म्याहून कमी अंतरावर करावेत आणि प्रत्येक वेळी फिल्टर कापून पाहावा. उरलेला गाळ हळूहळू सुटतो आणि फिल्टरमध्ये येतो, म्हणून पहिल्या फिल्टरमध्ये काळे कण भरपूर असणे अपेक्षितच आहे. दुसऱ्या-तिसऱ्या फिल्टरमध्येही ते कमी झाले नाहीत, किंवा गरम इंजिनाचे आयडलिंग प्रेशर नोंदवहीतील आधीच्या वाचनापेक्षा खाली गेले, तर चेंबर पुन्हा उतरवून जाळी पाहावी.