‘लेफ्ट लगेज’चं स्पॅनिशमध्ये ‘डावं सामान’ होतं, त्यावरचा उपाय

वेरूळ-अजिंठ्याला येणाऱ्या स्पॅनिश भाषक पाहुण्यांसाठी संभाजीनगरच्या हॉटेलात सूचना लिहायच्या होत्या. भाषांतराच्या ॲपने ‘लेफ्ट लगेज’चं, म्हणजे सामान ठेवून जायच्या जागेचं, ‘एकिपाखे इस्किएर्दो’ केलं, म्हणजे डाव्या बाजूचं सामान. गाडीच्या डिक्कीसाठी इंग्रजी ‘बूट’ टाकलं तर ‘बोता’, पायातला बूट. डिक्कीलाच म्हणतात तो ‘ट्रंक’ टाकला तर ‘त्रोंको’, झाडाचं खोड. ॲप बदललं, शब्द मोठ्या अक्षरांत टाकले, फरक शून्य. फार वैताग आला.

जमलं ते असं. आधी इंग्रजी बाजूला ठेवून वस्तू मराठीत लिहिली: सामान, सुटकेस, पाठीवरची सॅक, पर्स, पिशवी, डिक्की, सामान ठेवायची खोली. मग पाहुणा कोणत्या देशाचा ते विचारलं. शब्द त्यानंतरच निवडला.

सामान म्हणजे ‘एकिपाखे’. आपण ‘तीन सामान’ म्हणत नाही, ‘तीन नग’ म्हणतो. तिथेही तसंच, मोजताना ‘त्रेस बुल्तोस’. सुटकेस ‘मालेता’, अर्जेंटिनात ‘बालिखा’. सॅक ‘मोचिला’. स्पेनमध्ये ‘बोल्सो’ पर्स आणि ‘बोल्सा’ पिशवी, पण मेक्सिकोत पर्सलाही ‘बोल्सा’च म्हणतात. सामानाची खोली स्पेनमध्ये ‘कोन्सिग्ना’.

डिक्कीला सगळ्यात जपावं: स्पेनमध्ये ‘मालेतेरो’, मेक्सिकोत ‘काखुएला’, अर्जेंटिनात ‘बाउल’. हाच ‘बाउल’ एरवी जुनी मोठी पेटी असतो.

शेवटी निवडलेला शब्द देशाच्या नावासह चित्रांच्या शोधात टाकला. चित्रात आपली वस्तू दिसली, तरच फलकावर लिहिला.