इंग्रजीत ‘नाही जी’ म्हणायचं तर

आमच्या दारव्हा तालुक्यातल्या एका अभ्यासिकेत मी सुट्टीच्या दिवशी सराव मुलाखती घेतो. इंग्रजी बरं असलेली पोरंही एका जागी हमखास अडतात. समोरच्याचं म्हणणं पटलं नाही की पारावर ‘नाही जी, तसं नाही’ म्हणून मोकळे होणारे हे गडी बोर्डापुढे एकतर ‘येस सर’ करत बसतात, नाहीतर पाठ केलेलं ‘आय बेग टू डिफर’ दणकन टाकतात.

या वाक्यात चूक काही नाही, पण सूर ताठ आहे. वादविवाद स्पर्धेत खपून जातं, नवख्या उमेदवाराच्या तोंडी मात्र नाटकी वाटतं. ‘विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट’ त्याहून फसवं. शब्दांत आदर भरलेला, पण ऐकणाऱ्याला कळतं की आता टोला येणार. कोर्टात न्यायाधीशांपुढे वकिलांची ती रीतच आहे. आपण वकील नाही, तर मुलाखतीत ते टाळलेलं बरं.

वाक्य निवडण्याआधी एकच बघा: समोरच्याची माहिती चुकली आहे, की त्याचं मत पटलेलं नाही? समजा, सर बोलण्याच्या ओघात यवतमाळ नागपूर विभागात टाकून मोकळे झाले. इथे ‘आय डिसॲग्री’ म्हणणं विचित्र दिसतं, कारण यात मताचा प्रश्नच नाही. ‘सर, आय थिंक यवतमाळ इज इन अमरावती डिव्हिजन’ एवढं म्हणा आणि पुढे चला. आणि सुरुवातीला ‘ॲक्च्युअली’ लावू नका. त्याने मास्तर पोराची वही तपासतोय असा सूर लागतो.

मताची गोष्ट वेगळी. ‘तुमच्याकडचे शेतकरी कापूस सोडून ऊस का लावत नाहीत? पैसा त्यातच आहे,’ असं कोणी विचारलं तर माझ्या मते सगळ्यात कामाचं वाक्य म्हणजे ‘आय सी युवर पॉइंट, बट’. पण मुलं ‘बट’वर इतक्या घाईने उडी मारतात की पहिला अर्धा भाग खोटा वाटतो. त्यांचा मुद्दा कोणता दिसला ते सांगा: ‘आय सी युवर पॉइंट अबाउट द मनी, सर, बट मोस्ट ऑफ अवर कॉटन इज रेनफेड, अँड शुगरकेन नीड्स फार मोअर वॉटर.’ असं कारण लगेच जोडलं की मग कोणतं वाक्य वापरलं याला फारसं महत्त्व उरत नाही.

‘आय ॲम नॉट शुअर आय ॲग्री’ त्याहून मऊ आहे. जागा चाचपून बघायची असेल तेव्हा चालतं, पण दर उत्तराला वापरलं तर याला स्वतःचं मतच नाही असं वाटेल. ‘आय ॲम अफ्रेड आय डोन्ट ॲग्री’ यात भीती वगैरे काही नसते. तो सौम्य शब्दांतला पक्का नकार आहे, आणि तोंडापेक्षा ऑफिसच्या मेलमध्ये जास्त शोभतो. ‘यू आर राँग’ बोट माणसाकडे दाखवतं, ‘आय डोन्ट थिंक दॅट्स राइट’ बोलण्याकडे. गटचर्चेत बरोबरीच्या मुलांशी हे दुसरं बिनधास्त वापरा. ‘आय ॲम नॉट ॲग्री’ मात्र डोक्यातून काढाच. ते ‘आय डोन्ट ॲग्री’.

‘लेट्स ॲग्री टू डिसॲग्री’ विषय बंद करण्यासाठी असतं. बोर्डासमोर विषय बंद करायचा हक्क आपल्याकडे नसतो, तेव्हा ते मित्रांसाठी राखून ठेवा.

आणि यूपीएससीची तयारी करणाऱ्यांसाठी: ती २७५ गुणांची मुलाखत मराठीतूनही देता येते. मात्र अर्ज भरतानाच तसं ठरवावं लागतं.