रात्री कोण येऊन गेलं? सकाळी आधी केरसुणी खाली ठेवा

मे महिन्यात आमची एक तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, रातोरात गेली. सकाळी खुराड्याची रीप निखळलेली होती, गडग्याजवळ, म्हणजे दगडी कुंपणाजवळ, मूठभर पिसं पडली होती, आणि मी नेहमीच्या सवयीने अंगण झाडून सडाही टाकून मोकळी झाले होते. पिसं दिसली ती त्यानंतर. म्हणजे रात्री आलेल्याने जे काही मागे ठेवलं होतं, ते मीच माझ्या हाताने पुसून टाकलं.

राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत दहा वाजेपर्यंत "वाघ आला" अशी बातमी झाली. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. त्यात रात्री कौलांवर धपधप आवाज आल्याचं आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी सांगितलं, आणि सगळ्यांची खात्रीच पटली. मला पटेना. बिबट्या आला असेल तर पोरांना संध्याकाळी विहिरीवर पाठवायचं नाही, आणि नसेल तर गावभर भीती पसरवायची नाही. दोन्हीसाठी नक्की काय ते कळायला हवं होतं. ते कसं कळलं, ते सांगते.

घरात नियम केला की उजाडल्यावर एक फेरी मारल्याशिवाय झाडू नाही. फेरीची वाट ठरलेली: खुराडं, गोठ्याची मागची बाजू, न्हाणीच्या पाण्याची चर, गडग्याचे दगड ढासळलेली जागा, आणि पिकलेल्या फळांची झाडं. ऊन तिरकं असताना ठसा उठून दिसतो, डोक्यावर आलं की सपाट होतो. खुराड्यात हात घालण्याआधी मात्र बॅटरी मारून बघा. पिसं नाहीत, रक्त नाही आणि कोंबडी गायब, असं असेल तर अजगर आत वेटोळं घालून बसलेलाही असू शकतो. पोट भरल्यावर आलेल्या फटीतून त्याला परत निघता येत नाही.

आमची जांभ्याची जमीन मे महिन्यात दगडासारखी असते, तिच्यावर ठसा उमटत नाही. म्हणून चुलीची राख पिठाच्या जुन्या चाळणीने चाळून घेतली. जिथून येण्याजाण्याची शंका होती तिथे हातभर लांब-रुंद आणि बोटाच्या अर्ध्या पेराएवढा जाड थर दिला, वरून फडक्याने अलगद सारखा केला. पीठ वापरू नका, मुंग्या आणि उंदीर येऊन सगळं विस्कटतात. वारा असेल तर बारीक लाल माती चाळून किंचित ओलसर करून पसरा. गुरं बांधून झाली की राख टाकायची आणि कुत्रा पडवीत बांधायचा.

पण त्याआधी आपल्याच कुत्र्याला आणि मांजराला त्या राखेवरून चालवा. हे मला सगळ्यात उपयोगी पडलं. त्यांचे ठसे ओळखीचे झाले की अनोळखी ठसा आपोआप वेगळा दिसतो. फोटो काढताना शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा. त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो, त्यामुळे नंतर घरात बसूनही माप काढता येतं. फोटो सरळ वरून काढा.

आता ठसा वाचायचा कसा. कुत्रा आणि कोल्हा यांचा ठसा लांबट असतो, पुढची दोन बोटं एका रेषेत आणि त्यांच्यापुढे नखांचे टिंब. मांजराच्या कुळात ठसा गोल, चार बोटं, पुढची दोन किंचित मागेपुढे आणि नखं बहुधा दिसत नाहीत, कारण चालताना ती आत ओढलेली असतात. मग फक्त माप उरतं. घरच्या मांजराचा ठसा साधारण तीन सेंटिमीटर, रानमांजराचा चार-पाच, आणि सातच्या वर गेला तर बिबट्याचा विचार करायचा. पाच बोटं दिसली तर कांडेचोर, म्हणजे उदमांजर. मुंगसालाही पाच बोटं असतात, पण ते दिवसाचं जनावर, रात्रीच्या चोरीचा आळ त्याच्यावर घेऊ नका. दोन खुरांचा रुंद ठसा आणि मागे बाजूला दोन खळगे असतील तर रानडुक्कर. साळिंदराचा ठसा लहान मुलाच्या तळव्यासारखा भरीव असतो आणि आजूबाजूला काटे घासल्याच्या रेघा दिसतात. एखादा काटा गळून पडलेला मिळाला तर प्रश्नच मिटला. देशावर राहणाऱ्यांनी तरसही ध्यानात ठेवावं. त्याचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा स्पष्ट मोठा असतो, आणि हाडं खाल्ल्यामुळे विष्ठा वाळली की पांढरी पडते.

एकट्या ठशावर निकाल देऊ नका. विष्ठा बघा, पण काठीने आणि नाकातोंडाला फडकं बांधून. कांडेचोराची विष्ठा उंचवट्यावर सापडते, गडग्यावर, आडव्या ओंडक्यावर, आणि तिच्यात अख्ख्या बिया असतात. आमच्या गडग्यावर भेरली माडाच्या आणि जांभळाच्या बिया चिकटून राहिलेल्या ढिगाऱ्या होत्या. कोल्ह्याची पायवाटेच्या मधोमध, टोकाला निमुळती, केस आणि करवंदाच्या बिया असलेली. साळिंदराची खारकेसारखी. बिबट्याची जाड, तुकड्यातुकड्यांची, केसांनी भरलेली.

खाण्याची रीतही बोलते. साळिंदर सुरण आणि कणगर उकरून खातं, नारळाची कोवळी रोपं बुंध्याशी कुरतडतं. डुक्कर आलं तर नांगर फिरवल्यासारखी जमीन उलथलेली दिसते. झाडाखाली चावून थुंकलेला चोथा पडला असेल तर ती वटवाघळं. रानमांजर एक कोंबडी तोंडात धरून लांब नेतं. कांडेचोर बहुतेक तिथेच बसून खातं. बिबट्या वाडीत शिरला तर कोंबडीपेक्षा कुत्र्यावर त्याची नजर जास्त असते. आमचा कुत्रा त्या रात्री खळ्यात मोकळा होता आणि सकाळी शेपटी हलवत होता, म्हणून मला पहिल्यापासून शंका होती.

तिसऱ्या रात्री राखेत ठसा मिळाला. गोल, चार बोटं, नखं नाहीत, साडेचार सेंटिमीटर. रानमांजर. पण मग कौलांवरची धपधप? रानमांजर काही रोज माळ्यावर नाचत नाही. दिवसा शिडी लावून वर डोकावले, तर शिजत्या आंबेमोहोर भातासारखा वास आला. चूल तर विझलेली होती. हा वास कांडेचोराचा, एकदा घेतला की विसरत नाही. म्हणजे येणारे दोघे होते, आणि आम्ही दोघांचा मिळून एक वाघ केला होता. एकाच जनावरावर सगळ्या खुणा बसवायचा हट्ट धरलात तर तुमचंही असंच होईल. प्रत्येक खूण सुटी तपासा.

आवाजही ऐकून ठेवा. बिबट्याचा आवाज लाकडावर करवत चालवल्यासारखा, थांबून थांबून येतो. रानातून भेकर, म्हणजे लहान हरीण, कुत्र्यासारखं भुंकत राहिलं तर त्याने काहीतरी बघितलं आहे. अशा वेळी बाहेर जाऊन खात्री करायची नाही.

माप सातच्या वर निघालं, किंवा गाय-वासरू मारलेलं दिसलं, तर पुढचं काम आपलं नाही. वन विभागाचा १९२६ हा नंबर लावा. मढं हलवू नका, ठसे टोपलीने झाकून ठेवा, कारण पंचनामा झाल्याशिवाय भरपाई मिळत नाही. ठशांच्या मागे झुडपात शिरू नका. आणि कोणी कितीही सांगितलं तरी फासकी लावू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबटे अडकतात आणि तास न् तास तडफडतात. ते मी एकदा लांबून बघितलं आहे. पुन्हा बघायचं नाही.

आम्ही खुराड्याला अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी मारली, तळाला चिरे बसवले आणि कडीला खिळा अडकवला, कारण नुसती कडी पंजाने सरकते. कांडेचोराची वाट मृगाआधी शाकारणीच्या वेळी बंद केली, पण आधी माळ्यावर पिल्लं नाहीत ना ते दोनदा बघितलं. आत पिल्लं कोंडली गेली तर ती मरतात आणि आई कौलं उचकटते.

राख मी अजून टाकते, पाऊस नसेल त्या रात्री. आज सकाळी रानमांजराचे ठसे खुराड्याच्या कोपऱ्यापर्यंत आले होते, जाळीभोवती दोन फेरे घेऊन गोठ्याकडे वळले होते. तिकडे घुशी फार झाल्या आहेत. आईंनी केरसुणी मागितली, मी म्हटलं, "आई, जरा थांबा, फोटो घेते."