वॉशरच्या टाकीतला बुळबुळीत थर

मागच्या जूनमध्ये आईला घेऊन सोलापूरहून तुळजापूरला निघालो होतो. समोरच्या काचेवर वॉशरने पाणी मारलं आणि गाडीभर डबक्यासारखा वास पसरला. आईला दमा आहे, तिला लगेच ढास लागली. बहुतेक गाड्यांत वायपरखालच्या जाळीतूनच बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणून आता पाणी मारण्याआधी मी हवा आतल्या आत फिरवायचं बटण दाबतो.

घरी येऊन टाकीत टॉर्च मारला, तर तळाशी हिरवट, शेंबडासारखा थर. मी वर्षभर बोअरचं पाणी ओतत होतो आणि आमच्या उन्हात ते बोनेटखाली महिनोन्‌महिने कोमट राहत होतं. लिजिओनेला हा न्यूमोनियाचा जीवाणू साधारण 20 ते 45 अंशांच्या पाण्यातच वाढतो आणि बारीक तुषारांतून फुफ्फुसात शिरतो. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंड-वेल्समधल्या अभ्यासात वॉशरमध्ये नुसतं पाणी भरणाऱ्यांना या आजाराचा धोका जास्त दिसला होता. दम्याचं माणूस शेजारी बसत असेल तर हे काम पुढे ढकलू नका.

आधी टाकी नीट ओळखा. झाकणावर काच आणि कारंज्याचं चित्र असतं. शेजारची कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची टाकी गरम इंजिनावर उघडायची नाही.

रिकामी करायला वॉशरचा दांडा दाबून धरू नका, कोरडा फिरून पंप जळतो. बारीक नळी आत सोडून पाणी खेचून घ्या, तोंडाने मात्र नाही. माझ्या गाडीत टाकी दोन बोल्टवर होती, म्हणून पंपाची वायर आणि नळी सोडवून अख्खीच बाहेर काढली. आत मूठभर खडे मीठ आणि थोडं कोमट पाणी घालून जोरात हलवली. आजी तेलाच्या बाटल्या तांदळाने घासायची, पण इथे एखादा दाणा राहिला तर पंपात अडकेल. मीठ विरघळून जातं. उकळतं पाणी नको, प्लास्टिक वाकतं.

पंप टाकीच्या बुडाशी रबरी बुचात बसतो. तो ओढून काढा. त्याच्या तोंडाशी लहानशी जाळी असते आणि सगळा चिकटा तिथेच साठतो. जुन्या टूथब्रशने ती साफ केली. क्षारांचा पांढरा थर काढायला पाण्यात पाव भाग पांढरं व्हिनेगर मिसळून तासभर टाकीत ठेवलं, मग तीन-चार वेळा खळखळून धुतलं. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, विषारी वायू होतो.

नोझल तुंबला असेल तर बोनेटखालची नळी सोडवून बाहेरच्या बाजूने सायकलच्या पंपाने हवा मारा, कचरा उलटा निघतो. एकच भोक असलेल्या नोझलमध्ये बारीक सुई चालते. पंख्यासारखा फवारा असेल तर सुई नको.

भरताना इन्व्हर्टरसाठी मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर आणि वॉशरचं तयार द्रावण, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात. घरच्या आरओ फिल्टरमधून वाया जाणारं पाणी क्षारांनी भरलेलं असतं, ते टाळा. एसीचं ठिबकणारं पाणी स्वच्छ दिसतं, पण कॉइलवरची घाण घेऊन येतं. शाम्पू किंवा भांड्यांचा साबण तर मुळीच नको, त्याने फेस होतो आणि काचेवर चिकट पापुद्रा बसतो.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून जा. वाऱ्या संपल्या की मीही तेच करतो.