पाहुणे येण्याआधी गहव्याची तयारी

आखाती अरब घरांत पाहुणा बैठकीत स्थिरावला की आधी गहवा, म्हणजे वेलदोड्याची अरबी कॉफी, येतो, आणि तो ओतणारा माणूस पाहुण्यांपुढे उभाच राहतो. त्यामुळे स्वयंपाकघरातील सगळे काम पाहुणे दारात येण्यापूर्वी उरकलेले असावे. पुढील तयारी सौदी अरेबियाच्या नज्द भागातील पद्धतीची असून आठ ते दहा पाहुण्यांना पुरेल अशी आहे. काश्मिरी कहव्याशी या पेयाची गल्लत करू नये, कारण तो चहा आहे आणि ही कॉफी.

पहिली काळजी बियांची घ्यावी. गहव्याला अगदी फिकट भाजलेली अरेबिका लागते; तयार पेय काळे नव्हे, तर पिवळसर सोनेरी दिसते. मी पहिल्यांदा घरातली फिल्टर कॉफीची पूड वापरली आणि पाहुण्यांसमोर कडवट काळा काढा ठेवला. गडद भाजणी आणि चिकोरी या दोन्ही गोष्टी इथे चालत नाहीत, हे मला तेव्हा कळले. हिरव्या बिया मिळाल्या तर आदल्या दिवशी जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सतत हलवत भाजाव्यात, पहिली तडतड ऐकू येताच परातीत पसरून गार कराव्यात आणि जाडसर रव्याइतपत दळाव्यात. बारीक पूड तळाशी बसत नाही, आणि मग प्रत्येक घोटात गाळ येतो. पूर्वी बिया निज्र नावाच्या पितळी खलबत्त्यात कुटत, आणि त्याचा घणघणाट शेजाऱ्यापाजाऱ्यांना गहव्याला येण्याचे आमंत्रणच वाटे. सौदी अरेबियातल्याच जाझान भागाच्या डोंगरांतील खौलानी बिया मिळाल्या तर उत्तमच; त्यांच्या लागवडीच्या परंपरेला युनेस्कोने २०२२ मध्ये आपल्या यादीत स्थान दिले आहे.

दुसरी काळजी वेलदोड्यांची. ते हिरवेगार आणि भरलेले निवडावेत, सालीसकट भरड कुटावेत आणि कुटण्याचे काम त्याच दिवशी करावे, कारण आधी करून ठेवलेल्या पुडीचा सुगंध उडून जातो. केशराच्या दोन चिमटी पुरतात. तीन-चार लवंगा ऐच्छिक आहेत. मी त्या घालत नाही, कारण त्या वेलदोड्याला झाकतात. साखर आणि दूध यांना या यादीत जागा नाही. गोडव्यासाठी मऊ खजूर धुऊन, कोरडे करून बशीत मांडावेत आणि शेजारी बियांसाठी रिकामी वाटी ठेवावी. ओमानी पद्धतीने पाहुणचार करायचा असेल तर हलवाही ठेवावा.

भांड्यांपैकी दल्ला, म्हणजे लांब वळणदार चोचीची सुरई, आणि फिंजान, म्हणजे बिनकानाचे छोटे पेले, आदल्या रात्री तपासावेत. दल्ला पितळी असेल तर आतली कल्हई शाबूत आहे ना, हे पाहावे. शंका असल्यास कॉफी स्टीलच्या पातेल्यात उकळून चांगल्या थर्मासमध्ये भरावी. आज आखातातील असंख्य घरांत थर्मासच वापरतात, त्यात कमीपणा नाही.

पाहुणे येण्यापूर्वी पाऊण तास एक लिटर पाणी उकळत ठेवावे, त्यात कॉफीचे पाच सपाट मोठे चमचे घालावेत आणि झाकण ठेवून मंद आचेवर दहा ते पंधरा मिनिटे उकळू द्यावे. पातेले उतरवून पाच मिनिटे अजिबात हलवू नये. तोवर दल्ल्यात वेलदोड्याची तीन मोठे चमचे भरड आणि केशर घालून ठेवावे, वरून निवळलेली कॉफी हळूच ओतावी आणि आणखी पाच मिनिटे मुरू द्यावी. चोचीत पूर्वी खजुरीच्या झाडाचा काथ्या गाळणी म्हणून कोंबत. त्याऐवजी बारीक गाळणीतून ओतले तरी चालते.

ओतण्याचा सराव मात्र गार पाण्याने आधीच करावा, कारण दल्ला डाव्या हातात आणि फिंजानांची चवड उजव्या हातात धरायची असते. उजव्या हाताची सवय असलेल्या माणसाचा डावा हात पहिल्यांदा हमखास थरथरतो. सुरुवात सर्वांत वडीलधाऱ्या किंवा मानाच्या पाहुण्यापासून करावी आणि फिंजान फक्त पाव भरावा. काठोकाठ भरलेला फिंजान म्हणजे ‘प्या आणि निघा’ असा अर्थ होतो, हे घरातल्या मदतीला उभ्या असलेल्या मुलांनाही सांगून ठेवावे. पाहुणाही फिंजान उजव्या हातानेच घेतो. किमान एक प्यावा, तीनहून अधिक घेऊ नयेत असा रिवाज आहे, म्हणून माणशी तीन पाव-फिंजानांचा हिशेब धरला की वरचे प्रमाण पुरते.

पाहुणा रिकामा फिंजान मनगटाने किंचित हलवून परत देतो, तेव्हा त्याला पुरे झाले असे समजावे; ती खूण दिसेपर्यंत न विचारता ओतत राहावे. शेवटचा फिंजान असा हलून हाती येईपर्यंत ओतणाऱ्याने बसू नये.